कूलरची खिडकी आणि आजीची शेगडी

आवाज नीट येतोय ना? दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय, तरी मधूनमधून ट्रॅक्टरचा आवाज येईल, तो सहन करा. धानाचा हंगाम आहे, राइस मिलकडे जाणारी ट्रॉली कुणाच्या रेकॉर्डिंगसाठी थांबत नाही. मी गोरेगावातून बोलतोय. मुंबईचं नाही, आमचं, गोंदिया जिल्ह्यातलं. हे दरवेळी सांगावं लागतं, कारण कुणाला गोरेगाव म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: पूर्व की पश्चिम? आमच्याकडे पूर्व-पश्चिम नाही. रेल्वेचं स्टेशनसुद्धा शेजारी हिरडामालीला.

तर आज थंडीच्या दिवसांत मी कूलरवर बोलणार आहे. हसू नका. माझा धंदाच तो आहे, कूलर, पंखे, मोटारी, गिझर दुरुस्त करायचा. आणि आठ-नऊ वर्षांच्या धंद्यात मी एक गोष्ट बघितली: कूलर एप्रिलमध्ये बिघडत नाही. एप्रिलमध्ये तो बिघडलेला सापडतो. बिघडतो तो डिसेंबर-जानेवारीत, छतावर किंवा खिडकीत, कुणी बघत नसताना.

पण खरं सांगायचं तर आजचा विषय कूलरपेक्षा कूलरच्या खिडकीचा आहे. ते पुढे येईल.

यूट्यूबवर ‘घराची हीटिंग-कूलिंग सिस्टीम हिवाळ्यात कशी सांभाळावी’ असं शोधलं तर अमेरिकेतला एक भाऊ तळघरात जातो, भट्टीचा फिल्टर बदलतो आणि थर्मोस्टॅट दाखवतो. चांगला व्हिडिओ असतो, पण आपल्या काय कामाचा? आपल्याकडे सिस्टीम म्हणजे काय? उन्हाळ्याला छताचा पंखा आणि खिडकीतला कूलर. हिवाळ्याला आंघोळीचा रॉड किंवा गिझर, कुणाकडे रूम हीटर, आणि बहुतेक घरी अजूनही शेगडी. ही सगळी मिळून आपली सिस्टीम. वेगवेगळ्या दुकानांतून वेगवेगळ्या वर्षी आणलेली, पण राहते एकाच खोलीत. आणि हवा आपली विचित्र. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, आणि हिवाळ्यात विदर्भातलं सगळ्यात कमी तापमान कुठं, तर पेपरात बऱ्याचदा गोंदिया, ८-९ अंश. म्हणजे एकाच खोलीला वर्षात दोन उलट कामं करायची आहेत.

पूर्वी ही दोन्ही कामं घर स्वतः करायचं. आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. भिंत हातभर जाड. उन्हाळ्यात दुपारी आत गारवा असायचा. हिवाळ्यात आजी खोलीत शेगडी ठेवायची, आणि धूर, वाफ, गरम हवा सगळं कवेलूंच्या फटींतून वर निघून जायचं. सकाळी बाहेरून बघितलं तर पूर्ण छप्परच धुरकट दिसायचं, जणू घर विडी ओढत बसलंय. थंडी वाजायचीच, पण घर श्वास घ्यायचं.

मग स्लॅबचं घर झालं. आमचंच नाही, गावोगाव झालं. घरकुलात झालं, ज्याच्याकडे चार पैसे आले त्याचंही झालं. मी त्याला नाव ठेवत नाही. कवेलू दरवर्षी फेरायला माणूस मिळत नाही, माकडं नाचली की पावसाळ्यात घरात बादल्या मांडा. स्लॅब पाहिजेच होता. पण स्लॅबच्या खोलीला फट नाही. स्लायडिंगची खिडकी, लोखंडी चौकटीचं दार, खाली टाइल. उन्हाळ्यात ती तापते, म्हणून आपण एका खिडकीची काच काढून तिथं कूलर बसवतो. हिवाळा आला की त्याच मोकळ्या जागेतून वारा शिरतो. मग आपण काय करतो? पुठ्ठा, थर्माकोल, जुनी चादर, वरून खाकी टेप. एक थेंब हवा आत येता कामा नये.

मीही तेच केलं होतं. आणि कुणापेक्षाही छान केलं होतं, कारण मी कारागीर माणूस.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी. माझी ताई बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ वीस दिवसांचं. स्लॅबची खोली घरातली सगळ्यात चांगली, म्हणून ती तिला दिली. कूलरची जागा मी थर्माकोलने बंद केली, कडेने टेप लावला, आईला दाखवलं, बघ, मेणबत्ती धरली तरी ज्योत हलत नाही. आई खूश. आजी खोलीत झोपायची, बाळाला आणि ताईला शेक द्यायला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी हे झालं असेल: लोखंडी पाटीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशोपा, लसणीची टरफलं. धुरी दिली, अंग शेकलं की शेगडी बाहेर. आजी हे काम चाळीस-पन्नास वर्षं करत आलेली. तिच्या हाताखाली आमच्या घराण्यातली सगळी पोरं शेकली गेली, मीसुद्धा.

त्या रात्री हिव फार होतं. शेक झाल्यावर आजीने शेगडी बाहेर काढली नाही. धूर संपला होता, निखारे लालबुंद झाले होते, त्यावर थोडी राख ओढली आणि शेगडी खाटेच्या पायथ्याशी ठेवली. दार लावून घेतलं.

पहाटे पाचच्या सुमारास ताईने आईला हाक मारली. ‘‘आई, माझं डोकं फुटून रायलं.’’ तिला उलटी झाली. आईने बाळाला उचललं, तर ते दूध प्यायला उठेना. रडतही नव्हतं. नुसतं सैल पडलेलं. आजी म्हणाली, दृष्ट लागली. मीठ-मोहरी आणायला उठली आणि दाराला धरून खालीच बसली. तिलाही चक्कर.

मी बाजूच्या खोलीत होतो. आलो, तर मला वास काहीच नाही. धूर नाही. खोली मस्त उबदार. मला हे नीट सांगायचंय, कारण माझ्या कल्पनेत गुदमरणं म्हणजे खोकला, धूर, डोळ्यांत पाणी असं होतं. इथं तसलं काही नव्हतं. मला शंका आली ती एकाच गोष्टीने: बाबा ओसरीवर झोपले होते, थंडीत कुडकुडत होते, पण ठणठणीत. आणि या खोलीत झोपलेल्या तिघांना एकाच वेळी एकच दुखणं. ताप एकाला येतो, मग दुसऱ्याला येतो. एका रात्रीत, एका खोलीत, सगळ्यांचं डोकं एकदम दुखत नाही.

गॅस गिझर बसवायला गेलो की डब्यावरचा इशारा मी गिऱ्हाइकाला वाचून दाखवतो: बंद बाथरूममध्ये लावू नका, विषारी वायू होतो. कितीदा वाचला असेल. आणि माझ्याच घरात, मीच टेप लावलेल्या खोलीत, तोच वायू रात्रभर भरत होता.

मी खिडकीवर लाथ मारली. थर्माकोल बाहेर पडला. आजी ओरडली, ‘‘काहून खिडकी उघडून रायला रे? पोराले हिव लागंल!’’ बाळाला घोंगडीत गुंडाळून आईने अंगणात नेलं, ताईला मी आणि बाबांनी धरून नेलं, मग आजीला. शेजाऱ्यांच्या गाडीने दवाखान्यात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘‘खोलीत शेगडी होती का?’’ मी काही सांगायच्या आधी. म्हणजे त्यांना त्या थंडीत हा प्रश्न पहिल्यांदा विचारायची वेळ आली नव्हती.

ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत बाळ रडायला लागलं. मी आयुष्यात इतका छान आवाज ऐकलेला नाही. ताई, आजी सगळ्या बऱ्या झाल्या. आता बाळ तीन वर्षांचं आहे, आणि दुकानात आलं की माझे स्क्रू-ड्रायव्हर पळवतं.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कोळसा, लाकूड, गॅस, काहीही जळताना हवा कमी पडली की तो तयार होतो. निखारा हवा भरपूर असतानाही थोडाफार देतोच. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं ना, त्याला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे बसमध्ये सगळ्या सीटवर हाच बसला, ऑक्सिजन स्टँडवरच राहिला. सुरुवातीला डोकं जड, मळमळ, झोप. आणि झोप हीच खरी भानगड आहे. धूर माणसाला खोलीबाहेर काढतो. निखारा त्याला झोपवतो. धूर संपला की शेगडी ‘तयार’ झाली असं आपण समजतो. ते स्वयंपाकापुरतं खरं आहे. बंद खोलीत झोपण्यासाठी नाही.

हे फक्त आपल्या शेगडीचंच नाही. जानेवारी २०२० मध्ये केरळमधले पर्यटक नेपाळमधल्या दामन नावाच्या थंड हवेच्या ठिकाणी गेले होते. रिसॉर्टच्या एका खोलीत आठ जण गॅसचा हीटर लावून, दार-खिडकी आतून बंद करून झोपले. दोन जोडपी आणि चार मुलं. सकाळी आठही जण गेले होते. शिकलेले लोक, आणि हीटर चुलीपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसणारा. ज्वाला निळी असो की लाल, बंद खोलीला फरक पडत नाही.

एक गोष्ट तुम्हा मोबाइलवाल्यांसाठी खास. कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलंय. अशा वेळी ते लावून ९८ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनने भरलेलं रक्त आणि या वायूने भरलेलं रक्त यातला फरक कळत नाही. दोन्ही त्याला सारखंच लाल दिसतं. आकडा झकास आणि माणूस बेशुद्ध, असं होऊ शकतं. तेव्हा आकडा बघत बसायचं नाही. आधी सगळ्यांना उघड्यावर आणा, मग १०८ ला फोन. डॉक्टरांना ‘डोकं दुखतंय’ एवढंच नका सांगू, ‘खोलीत शेगडी होती’ किंवा ‘गॅस गिझर चालू होता’ हे सांगा.

आता आजीचं काय? मला वाटलं होतं, आजीला समजावणं सगळ्यात कठीण जाईल. पन्नास वर्षं शेक दिलेल्या बाईला कालचा पोरगा काय सांगणार? आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतंच. ती म्हणाली, ‘‘मी एवढ्या पोरायले शेकलं, कोनाले काही झालं काय?’’ नाही झालं. कारण ते घर कवेलूंचं होतं. शेगडी तीच राहिली, निखारे तेच, आजीचा हातही तोच. घर बदललं. आणि ते बंद करणारा मी होतो. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मंग वरचं कवाड उघडं ठेवत जाऊ.’’ आता आमच्याकडे कुणी शेक देत असेल तर दार उघडं, समोरची खिडकी उघडी, एक माणूस जागा, आणि शेक झाला की शेगडी अंगणात. झोपताना खोलीत निखारा नाही म्हणजे नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी आणि वर गोधडी, तीही बाळाच्या अंगाला थेट लावायची नाही.

हां, मंडईत नाटक बघायला गेल्यावर मंडपाबाहेर शेकोटी करता, ती करा बिनधास्त. उघड्यावर आहे. तिथं धोका शेकोटीचा नाही, रात्रभर जागून पहाटे बाइक चालवण्याचा आहे. पण तो आजचा विषय नाही.

तर कूलरच्या जागेचं काय करायचं? सगळ्यात चांगलं म्हणजे नोव्हेंबरात कूलर काढा, खिडकीची काच परत बसवा. काच उघडता येते, थर्माकोल नाही. काच हरवली असेल (सगळ्यांचीच हरवलेली असते, खाटेखाली बघा) तर प्लायचा तुकडा कापून लावा, पण वरची चार बोटं जागा मोकळी सोडा आणि तिथं जाळी ठोका. थोडी थंडी येईल, येऊ द्या. उन्हाळ्यात मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट हवेला जायला वाट नाही. तेच हिवाळ्यात. आत आलेल्या हवेला बाहेर जायला रस्ता लागतोच.

पण ही जाळी म्हणजे निखारा ठेवून झोपायचा परवाना नाही, हेही सांगून ठेवतो. कारण मागच्या वर्षी एकाने मला तसं विचारलं होतं.

आता कूलर. काढलाच आहे तर त्याचं दोन तासांचं काम आहे, रविवारी करून टाका. पहिल्यांदा प्लग काढा. बटण बंद नाही, प्लग. टाकीतलं पाणी सोडा. आणि इथंच बहुतेक लोक थांबतात. टाकी रिकामी झाली, काम झालं. नाही झालं. डेंग्यूचा मच्छर, एडिस, अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटवतो. तुम्ही पाणी काढता, अंडी तिथंच. सुकी अंडी महिनोन्‌महिने टिकतात आणि मार्चमध्ये तुम्ही टाकी भरली की जिवंत. म्हणून टाकीच्या बाजू आतून नारळाच्या शेंडीने किंवा घासणीने खरवडून काढायच्या. साबणाचं पाणी पुरतं. वरून ओतून काही होत नाही, घासावंच लागतं.

ताट्या वूडवूलच्या असतील, ते लाकडाचे केसांसारखे तंतू असतात ना, त्या काढून टाका. त्या ठेवायच्या नाहीत. ओल्या ठेवल्या तर बुरशी, सुक्या ठेवल्या तर उंदराला बाळंतपणाची खोली. नव्या ताट्या मार्चमध्ये घ्या. हनीकॉम्बचे पॅड असतील तर फेकू नका, ते नीट वापरले तर तीन-चार हंगाम जातात. बोअरच्या पाण्याने त्यावर पांढरा थर बसतो. लिंबूसत पाण्यात विरघळवून त्यात पॅड बुडवून ठेवा, मग साध्या पाण्याने धुवा. ब्रश जोरात मारू नका, कागदच आहे तो शेवटी. उन्हात पूर्ण वाळवून, उभे ठेवा.

पंप बाहेर काढा. छोटासा असतो, खालचं झाकण दाबून उघडतं, आत प्लॅस्टिकची पंखी. तिच्याभोवती केस, गाळ, चुना गुंडाळलेला असतो. साफ करा, पुसा, घरात ठेवा. मार्चमध्ये परत बसवताना आधी पंखी बोटाने फिरवून बघा. ती जाम असेल आणि तुम्ही तशीच लाइट दिली, तर पंप गुंगुं करतो, फिरत नाही, आणि गरम होऊन जळतो. मग लोक म्हणतात, पंप एका दिवसात गेला, माल डुप्लिकेट आहे. डुप्लिकेट असतोही कधी कधी. पण दहापैकी सात वेळा पंखी जाम असते. हा माझ्या दुकानातला अंदाज आहे, सर्व्हे नाही.

लोखंडी बॉडीचा कूलर असेल तर टाकीचा तळ आणि सांधे बघा. गंज खरवडा, पॉलिश पेपर मारा, आधी रेड ऑक्साइड, वाळला की वरून पेंट. थंडीत पेंट नीट वाळायला वेळ लागतो, घाई करू नका. मोटरीला तेलाचं छिद्र असेल तर दोन थेंब. बेअरिंग बंद असेल तर काही टाकू नका, खोबरेल तर अजिबात नाही. खोबरेल थंडीत गोठतं हे तुम्हाला बाटली बघून माहीतच आहे.

शेवटी झाकायचं. इथं प्लॅस्टिकचा कागद गच्च गुंडाळतात आणि दोरी बांधतात. रात्री थंडी, दुपारी ऊन, आत घाम धरतो आणि पत्रा आतून सडतो. जुनी चादर किंवा पोतं टाका. पाऊस लागत असेल अशा जागी असेल तर वरून प्लॅस्टिक, पण बाजू मोकळ्या. धानाचं रिकामं पोतं वापरणार असाल तर झटकून घ्या, दाणे राहिले की उंदीर आलाच. आणि उंदीर आला की वायर गेली.

हे मी हसत बोललो, पण कूलरमध्ये सगळ्यात जास्त भीती मला याचीच वाटते. वायरचं आवरण कुरतडलेलं, तांबं उघडं, ते पत्र्याला टेकलेलं. उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी घरात उत्साह असतो. कूलर लावला, पोरगं पाइप घेऊन पाणी भरायला गेलं, पायाखाली ओलं, हात पत्र्यावर. विदर्भात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात, आणि बहुतेक वेळा लहान मूल किंवा घरातली बाई असते, कारण पाणी तेच भरतात. म्हणून माझा नियम: झाकण उघडून वायर डोळ्याने बघितल्याशिवाय पहिल्यांदा लाइट द्यायची नाही, आणि पाणी भरताना प्लग बाहेर. रोज, प्रत्येक वेळी. दोन पिनचा प्लग असेल तर तीन पिनचा बसवून घ्या, आणि तिसऱ्या पिनला खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. बऱ्याच घरी तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, मागे वायरच नसते. बोर्डात ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी बसवला तर करंट गळायला लागताच तो लाइन तोडतो. एका चांगल्या कूलरपेक्षा तो स्वस्त आहे.

आंघोळीच्या पाण्याचं थोडक्यात. रॉड बादलीत टाकून, लाइट लावून, बोटाने पाणी गरम झालं का बघू नका. हसताय, पण रोज एक तरी माणूस हे करतो. आधी प्लग, मग बोट. बादली प्लॅस्टिकची, लोखंडाची नाही. रॉड पाण्यात बुडवल्यावर लाइट, काढायच्या आधी बंद. टाकीचा गिझर असेल तर त्यात आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजापासून वाचवते. ती पूर्ण झिजली की टाकी झिजायला लागते. आपल्याकडच्या जड पाण्यात दोन वर्षांनी एकदा ती उघडून बघायला सांगा. मेकॅनिक ‘काय गरज नाही’ म्हणाला तर समजा त्याला ती काढायचा कंटाळा आलाय. मलाही येतो, बोल्ट जाम असतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेरच, मोकळ्या हवेत. आतमध्ये असेल तर एक्झॉस्ट आहे, खिडकी आहे, असलं काही मला सांगू नका. बाहेर काढा.

रूम हीटर दोन हजार वॅटचा असतो. रात्रभर आठ तास चालवला तर सोळा युनिट, बिल तुम्हीच बघा. पण बिलापेक्षा जास्त, तो मोबाइल चार्जरच्या एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. ती वायर त्या लोडची नाही, गरम होऊन वितळते. सोळा अँपियरच्या पॉइंटवर, थेट. आणि गोधडीपासून लांब. विजेच्या हीटरमध्ये काही जळत नाही, म्हणून तो कार्बन मोनॉक्साइड देत नाही, एवढं त्याच्या बाजूने.

एसीवाल्यांनो, तुम्ही आमच्या गावात अजून कमी आहात, तुमचं दोन ओळींत. फिल्टर धुऊन वाळवून लावा, रिमोटमधले सेल काढून ठेवा नाहीतर ते फुटून रिमोट खातात, बाहेरच्या युनिटला फक्त वरून झाकण, पोत्यात नका घालू. हॉट अँड कोल्ड एसी असेल तर हिवाळ्यात तोच हीटर म्हणून वापरा, तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून साध्या हीटरपेक्षा खूपच कमी वीज घेतो.

एका ताईंनी मेसेज केला होता, तो वाचून थांबतो. देवरीकडच्या आहेत. विचारतात, ‘‘सासूबाई शेगडी सोडायला तयार नाहीत, काय सांगू?’’ ताई, सोडायला सांगूच नका. सासूबाईंना सांगा, शेगडी तुमची, खिडकी माझी. तुम्ही शेका, मी उघडते. आमच्या आजीकडे हेच चाललं. आता तर ती स्वतःच रात्री उठून बघते की जाळी कुणी कापडाने बंद तर नाही केली. परवा बाबांनी थंडीने वैतागून तिथं टॉवेल कोंबला होता. आजीने तो काढला आणि पहाटे त्यांच्याच अंगावर टाकला.

चला, मला एका गुरुजींच्या घरी गिझर बघायला जायचंय. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा. वायरिंगचा फोटो पाठवणार असाल तर पाठवा, पण झाकण उघडायच्या आधी मेन स्विच बंद करून.